सौकी

"नेपाळला जाऊन आलीस म्हणे! मग, एव्हरेस्ट दिसले का?"

परत आल्यापासून हा प्रश्न मला वर्गमैत्रिणींपासून ग्रंथालयातल्या काकांपर्यंत सर्वांनी विचारला. उत्तर 'नाही' असे आहे. एव्हरेस्ट नेपाळच्या पूर्वेला, आणि मी गेले होते पार पश्चिमेच्या टोकाला, कैलाली जिल्ह्यात, तराईच्या सपाट मुलखात. तिथे जानेवारीत असे धुके पडते, की पहिले चार दिवस अंगणातला हातपंपसुद्धा मला दिवसाउजेडी नीट दिसला नाही. पर्वत नाहीत, बर्फ नाही, फोटोही फारसे नाहीत. मग पाहिले तरी काय, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी एक कबुली देते. तिकडे जाण्यामागे माझा हेतू फार उदात्त होता असे नाही. एका स्वयंसेवी संस्थेची जाहिरात वाचनात आली. तीन आठवडे परदेशात, वंचित वस्तीतील मुलांना शिकवण्याचे काम, राहणे-जेवणे संस्थेचे, प्रवासखर्च आपला, शेवटी प्रमाणपत्र. 'परदेश' आणि 'प्रमाणपत्र' या दोन शब्दांनी मला भुरळ घातली. बी.कॉम. झाल्यावर मुलाखतीत सांगायला काहीतरी हवे, हाही विचार मनात होताच. आईने विरोध केला, आजीने डोळ्यांना पदर लावला; बाबांनी मात्र तिकीट काढून दिले. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही हे कळले, तेव्हा माझ्या परदेशाचे निम्मे तेज तिथेच उतरले.

२०२५च्या जानेवारीत परीक्षा आटोपून निघाले. जोडीला हुबळीची एक कन्नड मैत्रीण होती. गोवा एक्स्प्रेसने दोन रात्री काढून दिल्ली, तिथून रात्रभर बसने उत्तराखंडातले बनबसा. बस नेपाळी माणसांनी भरलेली. कुणाजवळ नवी ब्लँकेटे, कुणाजवळ मिक्सरचे खोके. सगळे 'माघी'च्या सणाला गावी चालले होते. मी आईशी फोनवर बोलत होते ते ऐकून शेजारच्या बाकावरच्या गृहस्थाने चक्क मराठीत विचारले, "तुम्ही सांगलीकडच्या काय?" पुण्यात एका सोसायटीत तो अकरा वर्षे रखवालदार होता. तिथे त्याला सगळे 'बहादूर' म्हणत. "खरं नाव कुणी विचारलं नाही," तो सहज म्हणाला. मीही ते विचारले नाही, हे मला शारदा नदीवरचा बंधारा ओलांडून पलीकडे गेल्यावर सुचले. पलीकडे त्याच नदीला महाकाली म्हणतात. तिथे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते आणि आपल्या शंभर रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. वाणिज्याच्या विद्यार्थिनीला खूश व्हायला एवढे पुरे!

आमची वस्ती 'मुक्त कमैयां'ची होती. कमैया म्हणजे वेठबिगार. त्यांची हकीकत थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. थारू हे तराईचे मूळचे रहिवासी. पूर्वी या जंगलपट्ट्यात हिवतापाचा एवढा जोर असे, की डोंगरातले लोक खाली राहायला धजत नसत. थारू मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदत होते. १९५० आणि १९६०च्या दशकांत डी.डी.टी.ची फवारणी होऊन हिवताप हटला आणि जमिनीसाठी डोंगरातून माणसे उतरली. त्यांच्याजवळ कागद करण्याची विद्या होती. थारूंजवळ जमीन होती, पण कागद नव्हता. पुष्कळांची जमीन गेली, आणि काल जिथे ते स्वतःसाठी नांगर धरीत होते तिथेच दुसऱ्याचे गडी झाले. अडीनडीला मालकाकडून घेतलेल्या पैशाला 'सौकी' म्हणत. ती फिटेपर्यंत मालक सोडायचा नाही. बाप गेला तर मुलाने ती पुढे चालवायची. १ मे २००० रोजी याच जिल्ह्यातल्या गेटा गावच्या काही कमैयांनी किमान वेतन मिळावे म्हणून सरकारी कचेरीत अर्ज दिला. त्यातून आंदोलन उभे राहिले आणि १७ जुलै २००० रोजी नेपाळ सरकारने ही पद्धत बंद करून सौकी रद्द केली. माणसे मोकळी झाली ती बहुधा उघड्यावरच. कितीतरी कुटुंबे रस्त्याकडेला आणि जंगलाकडेला पाले ठोकून राहिली. पुढे सरकारने कुटुंबामागे पाच कठ्ठ्यांपर्यंत जमीन दिली, आपल्या हिशेबाने सुमारे सतरा गुंठे. ती मिळायला कित्येकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

अशा वस्तीत मी इंग्रजी आणि गणित शिकवायला गेले होते. कडाक्याच्या थंडीमुळे शाळा बंद होत्या, म्हणूनच आमचा वर्ग. समाजघराच्या ओसरीवर तीसेक मुले गोणपाटावर बसत. अंगणात भाताच्या तुसाचा घूर धुमसत असे; मुलांचे एक अंग तिकडे आणि अर्धे लक्ष माझ्याकडे. वस्तीतली एक तिशीची बाई वर्षभर हा वर्ग चालवी. सगळे तिला 'दिदी' म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. आम्हाला मुले 'मिस' म्हणत.

पहिले तीन दिवस मी सपशेल आपटले. चित्रांची पुस्तके, रंगीत कार्डे, टाळ्या वाजवून म्हणायची गाणी, सगळे नेले होते. मी विचारी, मुले पाहत राहत. थोरली मुले पुटपुटत, धाकटी गप्प. मी दिदीजवळ तक्रार केली, "यांना काहीच येत नाही हो." ती म्हणाली, "येत नाही कसं? तू हिंदीत विचारतेस, पुस्तक इंग्रजी आणि नेपाळी, आणि घरात हे बोलतात थारू. आधी त्यांना कळू तर दे तू काय विचारतेस ते."

मला एकदम बी.कॉम.चे पहिले सत्र आठवले. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात. 'नावे', 'जमा', 'खतावणी' हे शब्द आजोबांच्या किराणा दुकानात बसून शिकले होते. पण कॉलेजात सरांनी 'डेबिट' विचारले, की मी वहीत मान घाली. माझ्याही बाबतीत कुणीतरी 'हिला काहीच येत नाही' असे म्हटले असेल. दुसऱ्या दिवसापासून एका थोरल्या मुलीला शेजारी उभे केले. मी एक शब्द बोलायचा, तिने तो थारूत सांगायचा, आणि मुलांनी मला उलट थारू शब्द शिकवायचा. माझे उच्चार ऐकून मुले पोट धरधरून हसत. हसू लागली, तशी बोलूही लागली.

लिपी मात्र आमची एकच, देवनागरी. एकदा मी फळ्यावर 'बेळगाव' लिहिले. निळ्या स्वेटरचा एक मुलगा उठून 'ळ'वर बोट ठेवून विचारू लागला, "मिस, हे कोणतं अक्षर?" नेपाळी वर्णमालेत ळ नाही! त्यांचा देश 'नेपाल'; 'नेपाळ' आपला. त्यांच्या देशाच्या नावात आपण असे अक्षर घालून ठेवले आहे, जे त्यांच्याजवळ नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तासभर सगळी ओसरी जीभ वळवून ळ म्हणत होती. माझी हुबळीची मैत्रीण म्हणाली, "कन्नडमध्येही आहे बरं का हे अक्षर!" त्या दिवशी सीमाभागाचा एक वाद तरी आमच्यापुरता मिटला.

मग संक्रांत आली. आपली मकरसंक्रांत तीच थारूंची माघी, त्यांचा नववर्षाचा सण. पहाटे धुक्यात सगळी वस्ती नदीवर आंघोळीला गेली. घरी येऊन थोरांच्या पाया पडणे, तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या ढिक्री, नाच, गाणी. गावचा पुढारी, त्याला तिकडे 'भलमन्सा' म्हणतात, तोही याच दिवसांत निवडतात. मी आईने दिलेला तिळगूळ वाटत फिरले. एका सत्तरीच्या म्हाताऱ्यांनी तो तोंडात टाकला आणि विचारले, "आज तुमच्याकडे काय असतं?" मी म्हटले, "तिळगूळ द्यायचा, गोड बोलायचं, जुनं विसरायचं."

ते हसले. म्हणाले, "आमच्याकडे आज करार व्हायचे. कमैयाचं वर्ष माघीला संपायचं. मालक ठेवणार का, दुसरा कोणी सौकी भरून घेऊन जाणार, ते आज ठरायचं. आम्ही नाचायचो आणि एका कानाने वाट बघायचो." मग अंमळ थांबून म्हणाले, "नानी, तू हिशेब शिकतेस ना? एक हिशेब करून दे." (तिकडे लहान मुलीला लाडाने नानी म्हणतात.)

त्यांच्या वडिलांनी लग्नासाठी बाराशे रुपये घेतले होते. व्याज महिना शेकडा तीन. दहा वर्षांनी किती? मला सांगितलेला पहिला खराखुरा हिशेब! मी पाटी मागवली. वर्षाला ३६ टक्के, चक्रवाढ. पहिल्या वर्षअखेर १,६३२. पाच वर्षांनी ५,५८३. दहा वर्षांनी २५,९७६. भोवती माणसे जमली होती. मी मोठ्या ऐटीत आकडा वाचून दाखवला.

म्हातारबाबा म्हणाले, "मालकाच्या वहीत पंधरा हजार होते. म्हणजे मालक तुझ्यापेक्षा बरा!" सगळे खदखदून हसले. मीही हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी पाटी हातात घेतली. त्यांना वाचता येत नव्हते, तरी ती उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे विचारले, "आणि दहा वर्षं आम्ही घरची चार माणसं राबलो, ते यात कुठं आहे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. गुणाकार बिनचूक होता. त्यांचे श्रम जमेला धरायचे असतात हे मला सुचलेच नव्हते. प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात, हा आमच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा. त्यात मला ७८ गुण होते. ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही, त्यांनी माझ्या खात्याची एक बाजू कोरी असल्याचे एका नजरेत ओळखले.

त्या रात्री दिदीच्या घरी जेवलो. भात, डाळ, मोहरीचा पाला. भिंतीला लागून मातीच्या उंच देहरी, म्हणजे धान्याच्या कणग्या. जेवणानंतर तिने आपली हकीकत सांगितली. कमैयांची सौकी २००० मध्ये रद्द झाली, तरी त्यांच्या मुली शहरातल्या घरांत कामाला पाठवण्याची चाल उरली होती. अशा मुलीला 'कमलरी' म्हणत. बोली करण्याचा दिवस बहुधा हाच, माघीचा. दिदी नऊ वर्षांची असताना गेली. भांडी, झाडलोट, मालकाच्या मुलीचे दप्तर शाळेपर्यंत पोहोचवणे. शाळेच्या फाटकापासून ती परत फिरे. चार वर्षांनी सुटून आली, मोठ्या वयात लहान मुलांत बसून एस.एल.सी. झाली. नेपाळ सरकारने कमलरी पद्धत बंद झाल्याचे जाहीर केले ते जून २०१३ मध्ये. "आमच्यातल्या शांता चौधरी तर २००८ मध्ये संविधान सभेत गेल्या," ती अभिमानाने म्हणाली, "त्याही कमलरीच होत्या."

"मालक मारायचे का?" मी विचारले.

"नाही. बरे होते. मुलीचे जुने फ्रॉक मला द्यायचे." मग तिने सहज विचारले, "तुमच्या घरी काम कोण करतं?"

"आई," मी म्हटले. आज ते खरे आहे. पण तिने आजचे विचारले नव्हते, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. मैत्रीण झोपली तरी मी पुष्कळ वेळ जागी होते.

मी नऊ वर्षांची असताना, २०१४ मध्ये, सौंदत्ती तालुक्यातली एक बारा वर्षांची मुलगी आमच्या घरी राहायला आली. तिच्या वडिलांनी आजोबांकडून उचल घेतली होती. ती स्वयंपाकघरात झोपे. सकाळी माझे दप्तर कोपऱ्यावरच्या बसपर्यंत आणून देई. वयाने मोठी असून ती मला 'ताई' म्हणे आणि मी तिला नावाने हाक मारी. तिची भाषा कन्नड. माझे कन्नड चांगले ते तिच्यामुळे, आणि ते मी मुख्यतः तिला कामे सांगायला वापरले. तिला कुणी मारले नाही. माझे जुने फ्रॉक आई तिलाच देई. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यास आपल्याकडे ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. आमच्या घरात ते कुणाला ठाऊक नव्हते, किंवा असावे. तीन वर्षांनी तिचा बाप तिला घेऊन गेला. ती किती शिकली होती, हे मी तिला एकदाही विचारले नव्हते.

उरलेले दिवस भराभर गेले. धुके उठले तशी मोहरीची पिवळी शेते दिसू लागली. मुले इंग्रजीत आपले नाव-गाव सांगू लागली, सात-आठजणांना भागाकार आला. तीन आठवड्यांत याहून जास्त काही झाले, असे मी म्हणणार नाही. निघताना माझ्या प्रमाणपत्रावर सही करायला दिदीच बसली. सही करता करता म्हणाली, "दर थंडीत कुणीतरी येतं. मुलं जीव लावतात. मग वर्षभर मला विचारतात, ती मिस कधी येणार? तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण 'पुन्हा येईन' असं त्यांना सांगू नको." माझ्या प्रवासखर्चात तिचे दोन महिन्यांचे मानधन भागले असते, हा हिशेब मी तोवर करून बसले होते. मी मुलांना 'येईन' म्हटले नाही. बस निघाली तेव्हा निळ्या स्वेटरचा मुलगा खिडकीखाली धावत ओरडत होता, "बेळगाव! बेळगाव!" ळ अगदी स्वच्छ.

घरी आल्यावर आजोबांच्या कपाटातली खतावणी काढली. आजोबा २०१९ मध्ये गेले; वह्या तशाच आहेत. तिचे पान सापडले. जमेला महिना पाचशेप्रमाणे छत्तीस महिन्यांचे १८,०००. नावे टाकलेली उचल, गावी जाण्याचे भाडे, डॉक्टर, औषध, पुन्हा उचल, मिळून १९,१५०. तळाशी आजोबांच्या सुंदर अक्षरात: 'येणे १,१५०. सोडून दिले.' या सोडून दिलेल्या अकराशे पन्नास रुपयांची गोष्ट आमच्या घरात आजोबांच्या दिलदारपणाचा दाखला म्हणून सांगितली जात असे. मीही ती मैत्रिणींना सांगितली होती.

पान बाबांपुढे ठेवले. त्या काळी आमच्या गल्लीत दोन वेळच्या वरकामाला बाईला दीड हजार मिळत. ही मुलगी तर दिवसरात्र घरात होती. दीड हजारच धरले तरी महिना एक हजार कमी दिलेले. छत्तीस महिन्यांचे ३६,०००. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "व्याज?" मी म्हटले, "सरळव्याज, शेकडा सहा, आठ वर्षांचे १७,२८०." ते म्हणाले, "एकदम नाही जमणार. दोनदा देऊ." आई म्हणाली, "आपण तिला पोटच्या पोरीसारखी वागवली होती." तिचा तसा खरोखरच विश्वास होता. मी वाद घातला नाही, कारण त्या घरात मीही होते.

एप्रिलमध्ये तिचे सासर शोधून गेले. पत्र्याचे घर, दारात शेळी, कडेवर तीन वर्षांची मुलगी. तिने मला लगेच ओळखले, चहा टाकला. मी काय बोलायचे ते बसमध्ये कन्नडमध्ये घोकून ठेवले होते. दोन वाक्ये झाली नाहीत तोच ती म्हणाली, "होगली बिडरी, ताई." जाऊ द्या हो. पाकीट मात्र तिने घेतले, नोटा मोजल्या आणि पेटीत ठेवल्या. आभार मानले नाहीत. मानण्याचे कारणही नव्हते.

मग तिने पेटीतून एक पासबुक काढले. महिला संघातून तिने शेळीसाठी कर्ज घेतले होते. "तुम्ही हिशेबाचं शिकताय ना? किती राहिलंय बघून सांगा. मला चौथीपुढं शिकायला मिळालं नाही." पासबुक आणि पावत्या जमिनीवर मांडून आम्ही दोघी बसलो. तिने भरलेल्या दोन हप्त्यांच्या पावत्या होत्या, पण पासबुकात ते चढवलेच नव्हते. संघाच्या बैठकीत काय विचारायचे, पावती कशी दाखवायची, ते तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि स्वतः म्हणून दाखवले. मग तिच्या मुलीच्या पाटीवर मी तिचे सबंध खाते पुन्हा मांडून दिले, कन्नड अक्षरांत.

या वेळी जमेची बाजू आधी लिहिली.